पंखा नवा, रिले नवा, तरी घाटात काटा वर: जुन्या गाडीच्या रेडिएटर फॅनचा दर उन्हाळ्यातला त्रास

माझी गाडी 2007 ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. दीड लाख किलोमीटर कधीच ओलांडलेत, इंजिन अजून खणखणीत आहे. विकायचा विचार मनात येतो आणि मिळणारी किंमत ऐकली की जातो. तीन उन्हाळे या गाडीने मला एकाच गोष्टीवरून छळलं. होळी जळाली, थंडी पळाली, की हिचा काटा चढायला सुरुवात. गॅरेजला नेली की काहीतरी बदलून मिळायचं, पुढचे सात-आठ महिने शहाण्यासारखी चालायची, आणि पुढच्या होळीला पुन्हा तेच.

जागाही ठरलेली. बीडहून धाराशिवकडे निघालं आणि पाली मागं पडली की मांजरसुंब्याचा घाट लागतो. मार्चात कारखाने अजून चालू असतात. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मान खाली घालून चढत असतो, पुढे काढायला वाव नसतो, आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलून लाल पट्टीकडे निघालेला. एसीची हवा आधी कोमट होते, मग नुसती हवा उरते. वर पोचून बॉनेट उघडलं की कूलंटचा तो गोडसर वास.

पहिल्या वर्षी फॅन मोटर बदलली. दुसऱ्या वर्षी रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा छोटा विजेवर चालणारा स्विच. तिसऱ्या वर्षी तापमानाचा सेन्सर, आणि वर "थर्मोस्टॅट काढूनच टाकू सर, आपल्याकडच्या उन्हात लागतच नाही" हा सल्ला फुकट. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो सल्ला मी मानला नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. एवढं सगळं झाल्यावर खरा दोष सापडला तो बॅटरीच्या ट्रेखाली, बॉडीला पिळलेल्या एका बोल्टाखाली. पंख्याच्या अर्थिंगची, म्हणजे वीज परत बॅटरीकडे नेणारी, वायर तिथे हिरवी पडून पिठासारखी झाली होती. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी बोल्टाखालची चकती, दहा रुपयांचा, काम अर्ध्या तासाचं. तीन वर्षांत आधी किती गेले ते लिहीत नाही, घरात वाचतात.

ज्यांची गाडी अशीच दर वर्षी तापते आणि दर वर्षी "दुरुस्त" होते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी, गाडी तापते कुठे?

हा प्रश्न कुठल्याही गॅरेजमध्ये मला कुणी विचारला नाही, आणि निम्मा निकाल यातच लागतो. गाडी गावात, सिग्नलला, घाटात कुणाच्या तरी मागे रांगताना तापते, पण मोकळ्या रस्त्याला साठ-सत्तरच्या वेगाने लागली की काटा आपोआप खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज फारशी पडत नाही. उलट गावात ठीक आणि गेवराईच्या सरळ रस्त्याला ऐंशीने चालवताना तापत असेल, तर पंखा सोडा. रेडिएटर आतून क्षाराने बुजलाय, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, वॉटर पंप थकलाय किंवा कूलंट कमी आहे, यांपैकी काहीतरी असणार.

एसीही चुगली करतो. पंखा कंडेन्सरला, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीलाही हवा देतो. त्यामुळे उभ्या गाडीत एसी गरम हवा टाकतो आणि पळायला लागली की गार होतो, असं असेल तर गॅस भरून घ्यायच्या आधी पंखा बघा. माझ्या गाडीत एकदा गॅस भरून झाला होता. काही उपयोग नव्हता, गॅस मुळात कमी झालाच नव्हता.

कूलंटची पातळी सगळ्यात आधी, इंजिन पूर्ण गार असताना बघा. यात एक फसगत आहे. पाणी खूप कमी झालं तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत किंवा वाफेत उघडा पडतो, त्याला खरं तापमान कळत नाही, इंजिन उकळतंय आणि पंखा मात्र शांत. माणूस पंख्याला शिव्या देतो. मूळ कारण कुठल्या तरी होजच्या क्लिपातून थेंब थेंब गळत असतं.

पाण्याबद्दल आपल्या भागात थोडं जास्त बोलायला हवं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. ज्या भांड्यात तापवावं त्याला पांढरा थर. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या दिवसांत आमच्याकडेही टँकरचं जे मिळेल ते पाणी रेडिएटरात गेलं. डिस्टिल्ड वॉटरचा विचार कोण करतो, प्यायलाच नव्हतं. पण नेहमीच्या दिवसांत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेला डबा, एवढं पाळा. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं आणि आतलं धातूकामही गंजत नाही.

झाकणही बघा. त्यावर बहुतेक वेळा 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. तेवढा दाब ते धरून ठेवतं. बीडच्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी साधारण 98 अंशाला उकळतं. 0.9 चं झाकण नीट बसलं असेल तर आतलं पाणी 118 च्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की हा सगळा फायदा गेला. आणि हे झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. कापड धरूनही नाही. हात भाजलेली माणसं मी दोन पाहिली आहेत, दोघांच्याही हातात कापड होतं.

रेडिएटरची जाळीही समोरून बघून घ्या. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी रस्त्याकडेला चालू असतात, तो भुसा आणि नंतर कापसाचे तंतू कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, मध्ये गोधडी तयार झालेली असते. पाण्याचा फवारा आतून बाहेर मारायचा, आणि हलक्या दाबाने. वॉशिंग सेंटरच्या पाइपाने जवळून मारलं तर पत्र्याच्या पाकळ्या लोळतात.

वर्तमानपत्राचं अर्धं पान

गाडी उभी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीच्या कॉम्प्रेसरबरोबर पंखा लगेच फिरायला हवा. फिरलाच नाही तर शोधायचं काम सोपं आहे. माझ्यासारखं झालं तर अवघड. माझा पंखा फिरायचा. आवाजही यायचा. प्रत्येक मेकॅनिक खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, "फिरायलाय की सर."

फिरतोय हे खरं, पण किती? वर्तमानपत्राचं अर्धं पान ग्रिलसमोर, कंडेन्सरच्या जाळीवर धरा आणि सोडा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर तो हवा आत ओढतो. निरोगी पंखा पान जाळीला चिकटवून धरतो, मधला भाग फडफडतो पण पान पडत नाही. माझ्या गाडीत ते क्षणभर टेकलं आणि घसरत बंपरवर येऊन बसलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दोष डोळ्यांना दिसला तो तेव्हा.

या चाचणीत आणखी एक भानगड कळते. पान बाहेर फेकलं जात असेल तर पंखा उलटा फिरतोय. रस्त्यावरच्या घाईत वायरी जोडताना अधिक-उणे बदलले की या मोटरी निमूटपणे उलट्या फिरतात. मग वेगात असताना समोरचा वारा आत यायला बघतो आणि पंखा त्याला बाहेर ढकलतो.

हात घालण्याआधी चावी काढा. काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून मोटरजवळ काम असेल तर बॅटरीची उणे वायर सोडवूनच. गळ्यातलं उपरणं, लोंबता रुमाल, सगळं बाजूला ठेवा.

फ्यूज आणि रिले

यावर फार वेळ घालवू नका. फ्यूज ओढून बघा. तार तुटली नसली तरी पाय काळे पडलेत का, प्लास्टिक वितळलंय का हे पाहा. तसं असेल तर दोष फ्यूजचा नसून तो बसतो त्या ढिल्या पकडीचा आहे, नुसता नवा फ्यूज खोचून तो पुन्हा तापणार. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज होता तेवढाच घाला. वीसच्या जागी चाळीस, किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी, म्हणजे पंख्याऐवजी वायरिंग जाळायची तयारी.

रिले तपासायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याच नंबराचा, त्याच पायांचा दुसरा रिले अदलाबदल करून बघणे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले तोच असतो. पंखा सुरू झाला आणि हॉर्न गेला की निकाल लागला. फक्त "टक" असा आवाज आला म्हणून रिले चांगला समजू नका. आतलं चुंबक ओढतं म्हणून टक वाजतं. पण आतले पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर वीज पुढे जातच नाही.

मोटर खरंच गेली आहे का

पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरून अलगद थांबला पाहिजे. खरखर, अडखळ, पात्यांना मागे-पुढे खेळ, यांपैकी काही असेल तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, गेले. मग मोटर बदलाच, वाद नको.

हाताने ठीक वाटली तर मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, सोडून तिला बॅटरीवरून थेट वीज द्या. वायर जाड घ्या, अडीच एमएमची, बारीक तारांची, आणि मध्ये वीस अँपिअरचा फ्यूज हवाच. चालू झाली की लगेच काढू नका, दहा मिनिटं चालू द्या. कार्बन, म्हणजे आत फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश, झिजलेली मोटर गार असताना चालते आणि तापली की रुसते. बंद पडली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पुन्हा चालली, तर कार्बन संपलेत. काही मोटरींचे कार्बन बदलता येतात, पण बऱ्याच मोटरी बंद पत्र्याच्या असतात, त्या उघडण्यापेक्षा नवी बरी.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कुणाकडे असेल तर वायरीभोवती लावून करंट बघा. छोट्या गाडीच्या पंख्याला साधारण आठ ते बारा अँपिअर लागतात. यापेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर मोटर जड झालीय, आणि तीच पुढे कपलर वितळवते, रिले खाते. मग लोक रिले बदलत बसतात.

पहिल्या वर्षी माझी मोटर ठोकल्यावरच चालली होती. म्हणजे तेव्हा ती बदलली हे चूक नव्हतं. चूक एवढीच झाली की नवी बसवून शोध तिथेच थांबला.

डीपीवर व्होल्टेज फुल, आणि मोटर उचलना

आता खरा मुद्दा. तो मला कार मेकॅनिककडून कळला नाही. आमच्या विहिरीवरची मोटर भरून देणारे एक चाचा आहेत. त्यांच्या दुकानासमोर गाडी उभी करून मी माझं रडगाणं सांगत होतो: मोटर नवी, रिले नवा, सेन्सर नवा, कपलरवर वीज बरोबर येते, तरी पंख्यात दम नाही. ते हातातली तार गुंडाळत म्हणाले, "दादा, शेतात डीपीवर व्होल्टेज फुल दाखवायलंय अन् मोटर उचलना, तर तुम्ही मोटर बदलता का आधी केबल बघता?"

"केबल बघतो."

"मंग हितं काहून मोटर बदलायलात?"

ज्याने रात्री दोनला जाऊन पंप चालू केलाय त्याला यापुढे समजावायची गरज नाही. स्टार्टरवर काटा नीट असतो, बटण दाबलं की काटा पडतो आणि मोटर नुसती हुं हुं करते. वीज येत असते पण मधल्या कुठल्या तरी सडलेल्या जोडात अडकते. आणि ती किती अडकते हे ओझं पडल्याशिवाय कळत नाही.

गाडीतही तेच. कपलर सोडून मल्टिमीटर लावला की 12.5 व्होल्ट दिसणारच, कारण करंट वाहतच नाही, जोडात काही गळतच नाही. टेस्ट लॅम्पही पेटणार, त्या छोट्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. शिवाय माझ्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकने लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या उण्या टोकालाच लावला होता. म्हणजे पंख्याचं स्वतःचं अर्थिंग तपासात आलंच नाही. येण्याचा रस्ता तीनदा पाहिला, परतीचा कुणीच नाही.

म्हणून मोजणी अशी करा. कपलर जोडलेलाच ठेवा, पंखा चालू ठेवा. कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने एक बारीक टाचणी आत सरकवा, म्हणजे आतल्या पिनेला टेकेल. दोन्ही वायरींना एकेक. दोन टाचण्या एकमेकींना किंवा बॉडीला लागू देऊ नका, आणि मीटरच्या वायरी पात्यांपासून लांब बांधून घ्या. मीटर 20 व्होल्ट डीसीवर.

इंजिन चालू, एसी चालू असताना माझे आकडे असे आले. बॅटरीच्या दोन टोकांत 13.7. मोटरची अधिक पिन ते बॅटरीचं उणं, 13.4. म्हणजे येण्याच्या वाटेवर 0.3 गेले, जुन्या गाडीला चालतंय. मग मोटरची उणे पिन ते बॅटरीचं उणं. इथे मीटरने शून्याच्या जवळपास काहीतरी दाखवायला हवं, 0.1, फार तर 0.2. माझ्या मीटरवर आलं 4.6.

मला वाटलं मीटरची बॅटरी गेली. दुसरा मीटर आणला. 4.6.

म्हणजे मोटरच्या वाट्याला 13.4 वजा 4.6, फक्त 8.8 व्होल्ट येत होते. करंट सहा अँपिअरच्या आसपास होता. 4.6 गुणिले 6, जवळजवळ 28 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे सोल्डरिंग आयर्न असतं ते 25 वॅटचं. तेवढी उष्णता त्या एका बोल्टाखाली जळत होती, आणि पंख्याला उरलेलं मिळत होतं. बॅटरीचा ट्रे काढून बोल्टाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चांगला जोड कधी तापत नाही. हात लावून चटका बसला तर मीटरचीही गरज नाही.

आता दर वर्षी होळीलाच का, याचाही हिशोब जुळतो. ढोबळ आहे, पण पुरेसा. रेडिएटरातलं पाणी 95 अंशावर आहे असं धरा. डिसेंबरच्या दुपारी बाहेर 28 असलं तर फरक 67 अंशांचा. मे महिन्यात बाहेर 42, फरक 53. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकाच्या जोरावर, म्हणजे उन्हाळ्यात त्याची ताकद आपोआप पाचवा हिस्सा कमी. त्यात पंखा 13 ऐवजी 8.8 व्होल्टवर, म्हणजे दोन तृतीयांश वेगाने. दोन्ही मिळून घाटात रांगताना गाडीला थंडीतल्या निम्म्याच्या जवळपासच गारवा मिळत होता. थंडीत हा दोष असायचाच, फक्त दिसायचा नाही. आणि सुट्या भागाची बदली व्हायची जून उजाडता उजाडता, पाऊस पडून हवा गार झाली की यश नव्या भागाच्या नावावर.

मीटर नसेल तर जुना हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब घ्या. पंख्याचा कपलर सोडून त्याच्या गाडीकडच्या दोन्ही पिनांवर हा बल्ब लावा, चिमटा बॅटरीला नको. पंखा सुरू व्हायच्या वेळी तो झळाळून पेटला पाहिजे. विझत चाललेल्या शेगडीसारखा तांबडा पेटला तर येण्याच्या किंवा जाण्याच्या वाटेवर जोड सडलाय. हा बल्ब चटकन तापतो, प्लास्टिकवर ठेवू नका.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीची उणे वायर सोडली. बोल्ट काढला, लग हातात आला तोच तुटून. वायरीचं आवरण मागे सोलत गेलो तर हिरवेपणा चार बोटं आतपर्यंत गेलेला. लाल तांबं दिसेपर्यंत वायर कापली, म्हणून लांबी कमी पडली आणि तुकडा जोडावा लागला. तुकडा अडीच एमएमचा, बारीक तारांचा. घरच्या वायरिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत वापरू नका, थरथरून मोडते. नवा लग पकडीने दाबून बसवला. बॉडीवरची जागा रंग जाऊन पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासली, मध्ये दातेरी वॉशर टाकला, बोल्ट घट्ट पिळला, आणि वरून व्हॅसलीन चोपडलं. व्हॅसलीन वरून, आधी नाही. बॅटरीच्या आम्लाची वाफ आणि पाणी त्या जागी झिरपत होतं, त्यानेच हे केलं, म्हणून पुढच्या खेपेला अर्थिंग तिथून हलवून वरच्या कोरड्या पत्र्यावर घेणार आहे.

पुन्हा मोजलं. उणे बाजूला 0.1. मोटरला 13.1 व्होल्ट. पंख्याचा आवाज असा बदलला की आतून बायको म्हणाली, "आता काय लावलंत?"

सेन्सर, आणि तो थर्मोस्टॅटचा सल्ला

एसी लावल्यावर पंखा जोरात फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन तापूनही फिरत नाही, तर वायर, रिले, मोटर बहुधा ठीक आहेत, फिरण्याचा हुकूम येत नाहीये. फार जुन्या गाड्यांत रेडिएटरला किंवा इंजिनला दोन वायरींचा थर्मो स्विच असतो. कपलर काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि पंखा फिरला, तर स्विच गेला. त्यानंतरच्या गाड्यांत सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला तापमान सांगतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना या सेन्सरचा कपलर काढला की कॉम्प्युटर घाबरून पंखा कायम चालू ठेवतो. चालू झाला तर पुढचं सगळं शाबूत, सेन्सरवर संशय. यात चेक इंजिनचा दिवा लागतो, कपलर पुन्हा बसवल्यावर काही फेऱ्यांनी जातो. सेन्सर काढून मोजणार असाल तर गार असताना त्याचा ओम जास्त, दोन हजारांच्या पुढे, आणि उकळत्या पाण्यात दोनशेच्या आसपास, असा उतरता हिशोब बऱ्याच गाड्यांत असतो.

गाडी अंगणात झाडाखाली उभी असते त्यांनी या वायरींवर उंदरांचे दात बघा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत दोष एवढाच होता.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. साधारण 82 ते 88 अंशांच्या मध्ये तो उघडतो आणि इंजिन योग्य तापमानाला धरून ठेवतो. तो नसला की थंडीत इंजिन गरमच होत नाही, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल टाकत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतो. अडकत असेल तर नवा घाला. भांड्यात पाणी तापवून त्यात सोडला की उघडतो का ते घरी दिसतं. स्वयंपाकघरातलं भांडं न विचारता घेऊ नका एवढंच.

रस्त्यात अडकलात तर

एसी बंद. काचा खाली. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात हे वाचून हसू येईल, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता ओढून तुमच्या गुडघ्यांवर टाकतो. घामाघूम व्हाल, पण काटा दोन रेषा खाली येईल. चढ सोडून सावलीची जागा गाठा. काटा लाल पट्टीला टेकला तर मात्र पुढच्या ढाब्यापर्यंत नेतो हा विचारही नको, जिथे असाल तिथे कडेला घ्या, इंजिन बंद. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उष्णतेने वाकलं की मग पंख्याचा खर्च किरकोळ वाटतो. गरम इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा जाड होज हाताने सहज दबायला लागला की मग झाकण हळूच.

"डायरेक्ट करून देतो" हा आपल्याकडचा लाडका उपाय. डॅशबोर्डखाली एक बटण, तिथून बारीक वायर थेट पंख्याला. गावी पोचण्यापुरतं ठीक, तेही मध्ये फ्यूज असेल तर. कायमचं केलं तर दोन गोष्टींपैकी एक होणार: बटण चालू करायला विसराल आणि इंजिन जाईल, किंवा बंद करायला विसराल आणि सकाळी बॅटरी. दहा अँपिअरचा करंट त्या छोट्या बटणातून गेला की बटणही वितळतं. करायचंच असेल तर बटणाने रिले चालवा, रिलेने पंखा. आणि मुख्य म्हणजे अर्थिंग तेच सडकं राहिलं तर डायरेक्ट करूनही पंखा 8.8 व्होल्टवरच फिरणार.

गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं, उणे बाजूला 0.12. अक्षय तृतीयेला धाराशिवला लग्न आहे, त्याच्या आधी ट्रे काढून एकदा बघेन.